हरिपूरला जाणारी गाडी

सुहास आरवाडे यांनी जुनी गाडी विकायला काढली, तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं : 'एकहाती, घरगुती वापर, स्वभावाने शांत.' यातलं शेवटचं पूर्वी कुणी गाडीबद्दल लिहीत नसे. पण एव्हाना गाड्या आपल्या आपण चालायला लागून बरीच वर्षं झाली होती, आणि गाडी बघायला आलेली माणसं टायरला लाथ मारण्याऐवजी तिच्याशी दोन शब्द बोलून बघत. आरवाड्यांची 'रोहिणी' दोन शब्दांत सगळ्यांना आवडायची. तासगावच्या गुंडूराव लाडांनी ती घेतली. हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, 'जशी आहे तशी घेतली' यावर अंगठा टेकवला आणि नेली.

महिनाभरानं सांगलीच्या गणपती पेठेतल्या आरवाड्यांच्या चष्म्याच्या दुकानाचं दार उघडलं. आधी आवाज आत आला, मग गुंडूराव, मग त्यांच्या पत्नी शालनबाई. गुंडूरावांचा धंदा मंडप, स्पीकर आणि जनरेटरचा. भिंतीएवढ्या स्पीकरांशेजारी उभं राहून राहून त्यांचे कान असे झाले होते, की कुजबुज त्यांना दिसायची, ऐकू यायची नाही. मग घरातल्या सगळ्यांनी त्यांना पोचेल असं बोलायची सवय करून घेतली. लाडांच्या घरात कुणी 'चहा घेता का' असं विचारलं की ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं, आणि तिथून कधीकधी 'हो' असं उत्तरही यायचं.

"सायेब, गाडी परत घ्या," गुंडूराव म्हणाले. डोळे तपासायला बसलेल्या आजोबांनी दचकून दुसऱ्याच ओळीतली अक्षरं वाचली.

"काय झालं? बॅटरी?"

"बॅटरी झ्याक हाय."

"मग?"

"हरिपूरला जाती."

सुहासरावांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "तुम्ही सांगितल्यावर जाते ना?"

"आमी कशाला सांगू? आमचं काय हाय हरिपूरला? आमी इट्याला निगालो हुतो, लगीन हुतं. मंडप आमचाच. निम्म्या वाटंत ही वळली, सांगलीवरनं हरिपूर. तितं नदीच्या संगमावर देवळाम्होरनं फिरली, माघारी आली, पुन्यांदा हरिपूर. तिकडं इट्यात नवरदेव घामानं भिजून अंतरपाटाम्होरं हुबा, आन् जनरेटरची किल्ली हितं माझ्या खिशात."

"देवळातला गुरव इचारतोय, किती फेऱ्यांचा नवस हाय म्हनून," शालनबाईंनी भर घातली. "भेळवाला तर आता काय इचारत बी न्हाय. आमी दिसलो की कांदा चिरतो."

सुहासराव मुळात समजूतदार माणूस. पण समजूतदार माणसालाही व्यवहार कळतो. "गुंडूराव, हा खासगी व्यवहार. जशी आहे तशी घेतलीत तुम्ही."

"घेतली की. न्हाय कोन म्हन्तंय? पर लेक दिल्यावर सासरची मानसं माहेरी येऊन इचारनारच, की बाबा, ही उठसूट हरिपूरला का पळती? तितं हिचं कोन हाय?"

सुहासरावांनी खाली ठेवलेली फ्रेम पुन्हा उचलून पुसायला घेतली. खरं तर रोहिणी त्यांनाही अधूनमधून हरिपूरवरून घरी आणायची. पण पडद्यावर 'पर्यायी मार्ग' अशी अक्षरं उमटायची, आणि छापल्यासारख्या अक्षरांवर सुहासरावांचा पहिल्यापासून विश्वास. पुढे गर्दी असेल, गाडीला आधी कळलं असेल, असं ते समजायचे. कुत्रंही जागं नसलेल्या रविवारच्या पहाटे घराकडच्या विश्रामबागेत कसली गर्दी, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

शिवाय त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात दुसरंच काही होतं.

आरवाड्यांच्या घरात भांड्याला भांडं लागलेलं कुणी ऐकलं नव्हतं. नात्यात कुणा नवरा-बायकोचं बिनसलं, की त्यांना सुहासरावांकडे पाठवत. मग सुहासराव त्यांना समोर बसवून 'ऐकून घ्यायला शिकलं पाहिजे' या विषयावर कुणाचंही न ऐकता बराच वेळ बोलत. त्यांच्या पत्नी भारतीबाई हायस्कुलात गणित शिकवायच्या. त्या दहावीचे पेपर तपासायला कोल्हापूरला गेल्या होत्या, तेव्हाच सुहासरावांनी गुपचूप जुनी गाडी विकली आणि नवी कोरी 'चपला' दारात आणून तिला लाल फीत बांधली. भारतीबाई परत आल्या. फितीकडे बघितलं, चपलेकडे बघितलं, 'छान आहे' म्हणाल्या. तेव्हापासून घरात 'छान आहे', 'मीठ देऊ का' आणि 'गॅस बंद केलाय' एवढंच बोलणं उरलं होतं.

त्यातच पन्हाळ्याच्या एका निवासी शाळेनं भारतीबाईंना मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं. राहायला घर, स्वयंपाकाला बाई. 'विचार करते' असं त्या फोनवर म्हणाल्याचं सुहासरावांनी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं, आणि त्यांची अन्नावरची वासना उडाली. बायको पन्हाळ्याला गेली तर मागे हा माणूस समजूतदारपणा दाखवणार कुणाला? चपलेला?

"चला," ते गुंडूरावांना म्हणाले, "एक चक्कर मारून बघू."

शालनबाई फ्रेमा बघत दुकानातच थांबल्या. दोघं पुरुष गाडीत बसले. पाऊसपाणी, हळदीचा भाव, टोलनाका असं परक्या माणसांनी बोलायचं ते बोलले. रोहिणी मार्केट यार्डापर्यंत सुतासारखी सरळ गेली आणि सुतासारखी सरळ परत आली. गुंडूरावांचा चेहरा पडला.

"अशीच करती बगा. पाव्हन्यांम्होरं लई गुनाची." त्यांनी दुकानाकडे हाक मारली. "शालन, ये, बस. हिला दाखवू दे."

शालनबाई मागे बसल्या. गाडी पेठेतून बाहेर पडली.

"अवो, ती निळी फ्रेम घ्यावी म्हन्ते."

"कुनाला?"

"मला. मग काय गाडीला?"

"तुला कशाला? माझी चूक तर लांबनं दिसती तुला."

"ती डोळं मिटलं तरी दिसती. सुईचं नाक दिसत न्हाय."

दोघं असे हसले की काचा थरथरल्या. पडद्यावर 'पर्यायी मार्ग' उमटलं. रोहिणीनं दिवा लुकलुकवला आणि ती हरिपूरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी चिंचेची झाडं सुरू झाली.

"बगा," गुंडूराव अतिशय समाधानानं म्हणाले.

सुहासरावांनी गाडीतूनच कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडे एक मुलगी होती. ती काहीतरी खात होती आणि ते लपवायचा प्रयत्न करत नव्हती.

"सर, वाहन पोचवतंय ना?"

"पोचवतंय. पण हरिपूरला."

"पण पोचवतंय."

मग तिनं गाडीची आतली माहिती मागवून घेतली, घास गिळला आणि सगळं समजावून सांगितलं. रोहिणीच्या पिढीतल्या गाड्यांना कंपनीनं रस्त्याचे नियम शिकवले होते, पण माणसाशी कसं वागायचं याचे नियम शिकवले नव्हते. फक्त एक ध्येय दिलं होतं : उतरणारा माणूस गाडीत बसला तेव्हापेक्षा शांत असला पाहिजे. त्यासाठी आसनात नाडीचे ठोके टिपणारी जाळी होती, पट्ट्यात श्वास मोजणारा धागा होता आणि छताला आवाजाची चढण-उतरण ओळखणारा कान होता. माणूस उतरताना नाडी संथ असली की गाडीला गुण मिळायचे. हपापलेल्या पोरासारखी गाडी मग गुणांसाठी काहीही करून बघायची. गारवा वाढव, वेग कमी कर, रस्ता बदल. ज्यानं गुण वाढले ते धरून ठेवायचं, ज्यानं घटले ते सोडून द्यायचं. अशा हजारो फेऱ्यांमधून प्रत्येक गाडी तिच्या घराचा स्वभाव शिकत गेली. काय शिकली ते कंपनीलाही ठाऊक नसायचं.

"मग ती सवय तेवढी पुसून टाका."

"सर, सवय वेगळी ठेवलेली नसते. बासुंदीतून साखर काढता येईल का? सगळी बासुंदीच ओतून द्यावी लागेल. मग रस्त्यात आडवी आलेली म्हैस म्हणजे काय, तेही गाडी विसरेल."

शालनबाईंनी हे गुंडूरावांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यांनी तासगावचा रस्ता डोळ्यांपुढे आणला. "म्हस ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

"नव्या मॉडेलला हा त्रास नाही," मुलगी म्हणाली. "लोकांना ऑफिसला उशीर व्हायला लागला, म्हणून ध्येयच बदललं. आता फक्त वेळ बघतात. सगळ्यात लवकर घर."

"पण हिनं हरिपूर कुठून उचललं?"

"आधीच्या मालकाकडून, सर. श्वास वाढला, आवाज चढला, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू झालं, की त्या लांबच्या रस्त्यानं फिरवून आणलं म्हणजे ती माणसं शांत होतात, एवढं तिला पक्कं कळलंय. भांडकुदळ घर असणार. आता हिला नवरा-बायको जोरात बोलले की तेच वाटतं."

"आमी काय भांडतोय व्हय?" शालनबाई म्हणाल्या. "आमी बोलतोय."

"तिला फरक कळत नाही, मॅडम. हळूहळू शिकेल. वर्ष-दोन वर्षं हरिपूरला जात राहा."

फोन बंद झाला. गुंडूरावांनी सुहासरावांकडे बघितलं. शालनबाईंनीही पुढे वाकून बघितलं. आधीचे मालक खिडकीबाहेर बघत राहिले. काहीतरी चुकतंय, आम्ही तर कधी भांडलोच नाही, असं त्यांना ठासून सांगायचं होतं. त्यांना खरोखर एकही भांडण आठवत नव्हतं. आठवत होती ती चिंचेची झाडं. एवढी चिंचेची झाडं एका सुखी माणसाला का आठवावीत, हे काही त्यांना कळेना.

त्या रात्री जेवताना त्यांनी 'मीठ देऊ का'च्या पलीकडचं पहिलं वाक्य उच्चारलं. "तो तासगावचा लाड आला होता. गाडीची तक्रार घेऊन."

"हं."

"म्हणे, हरिपूरला जाते."

भारतीबाईंचा घास हातातच राहिला. मग त्या हसल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "त्यांना पण नेते?"

"पण म्हणजे? तुला माहीत होतं?"

"अहो, मी गणित शिकवते. अंतर तेच, रस्ता रिकामा, आणि वेळ कधी इतका, कधी त्याच्या पाचपट. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

हसू जसं आलं होतं तसं गेलं. त्या ताट उचलून उठल्या. "रविवारी बोलवा त्यांना. मला एकदा बसायचंय तिच्यात."

बेसिनशी पाण्याचा आवाज सुरू झाला. सुहासरावांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, काहीही करून गाडी परत घ्यायची. लाडांना हवी तर चपला द्यायची, वर फीतही द्यायची.

रविवारी लाड पतिपत्नी हरिपूरमार्गे येऊन पोचले. शालनबाईंनी निळी फ्रेम घातली होती. लाड पुढे बसले, आरवाडे मागे. गुंडूरावांनी गाडीला मिरज सांगितलं आणि ठरल्याप्रमाणे दोघं चूप बसले, म्हणजे गाडीला मागचं नीट ऐकू यावं. लाड एकत्र चूप बसायची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. शालनबाईंनी तोंडात पदर धरला होता.

गाडी मिरजेच्या रस्त्याला लागली. मग भारतीबाई समोर बघत म्हणाल्या, "ही विकताना तुम्ही मला विचारलं होतं?"

"अगं, सरप्राइज होतं ते."

"मला सरप्राइज आवडत नाही, हे तुम्हाला साखरपुड्यापासून माहीत आहे."

"नवी कोरी गाडी आणली, त्यात माझं काय चुकलं? लोकांच्या बायका—"

"लोकांच्या बायकांचं लोक बघतील."

"हेच. हेच तुझं. चांगलं करायला जावं तर—"

"चांगलं कुणासाठी केलंत? विचारलं असतंत तर कळलं असतं, मला काय चांगलं वाटतं ते."

पडद्यावर 'पर्यायी मार्ग' उमटलं. मिरजेचा रस्ता मागे राहिला.

"काय म्हन्त्यात?" गुंडूरावांनी विचारलं.

"इचारलं न्हाय म्हन्त्यात," शालनबाई त्यांच्या कानात म्हणाल्या. चौकातल्या हवालदारानं वळून बघितलं.

"मी घरात कधी आवाज चढवला?" भारतीबाईंना आता कुणाचं भान नव्हतं. "तुमच्या बहिणीचं, दुकानाचं, माझ्या बदलीचं, आजवर जे काही टोचलं ते ह्या सीटवर बसून बोलले. दिवसभर मनात दाबून ठेवायचे. म्हणायचे, संध्याकाळी गाडीत बसले की काढते. आणि घरी पोचायचे तेव्हा मोकळी झालेली असायचे. तुम्ही माझी ती जागाच विकून टाकलीत. फीत बांधून दुसरी आणलीत."

"मग नवीत बोलायचं. तिच्यात काय सीटा नाहीत?"

"कधी बोलू? पट्टा लावेपर्यंत घर येतं. तोंड उघडलं की ती म्हणते, आपण पोचलो आहोत."

सुहासरावांनी खिडकीबाहेर बघितलं. चिंचेची झाडं एकामागून एक जात होती, आणि त्या प्रत्येकाखाली त्यांना आता एकेक भांडण स्पष्ट दिसत होतं. बहिणीच्या लग्नाचं, दुकानावर काढलेल्या कर्जाचं, बदलीच्या वेळचं ते लांबलेलं, ज्यात गाडी संगमावर फिरून फिरून बॅटरी उतरेपर्यंत थांबली नव्हती. आपण समजूतदार नव्हतो, आपल्याला फिरवून आणलं जात होतं, हे कळायला माणसाला आधी दुसऱ्याच्या गाडीत बसावं लागतं.

महिनाभर मनात ठेवलेलं त्यांनी अखेर विचारलं. "म्हणून पन्हाळ्याला निघालीस?"

"कोण निघालंय?"

"तू. 'विचार करते' म्हणालीस फोनवर."

"तसं म्हणायची रीत असते. दुसऱ्याच दिवशी नको म्हणून कळवलं. माझा दहावीचा वर्ग सोडून मी तिथं पोरांच्या आमटीच्या तक्रारी ऐकत बसू?"

"आणि मला सांगितलं नाहीस? मी महिनाभर दाराआड उभा राहतोय."

"दाराआड उभं राहण्यापेक्षा आत येऊन विचारायचं."

"आलो असतो तर तू म्हणाली असतीस, मीठ देऊ का."

भारतीबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "म्हणाले असते," त्यांनी कबूल केलं.

संगमावर गाडी संथ झाली. पाण्यावरून वारा आला. भेळवाल्यानं ओळखीची गाडी बघून कांदा हातात घेतला, मागच्या सीटवर वेगळीच माणसं दिसली तेव्हा परत ठेवला.

"चुकलं माझं," सुहासराव म्हणाले. "विचारायला हवं होतं. गाडीचंही आणि पन्हाळ्याचंही."

"मी पण सांगायला हवं होतं," भारतीबाई म्हणाल्या. "गाडीबिडी काही नसती तरी."

आसनातल्या जाळीनं हे तिच्या पद्धतीनं ऐकलं. रोहिणी वळली आणि विश्रामबागेकडे निघाली.

"गुंडूराव," सुहासराव घसा खाकरून म्हणाले, "तुमची तक्रार मला मान्य आहे. गाडी परत घेतो. बदल्यात आमची नवी घेऊन जा. सरळ जाते, कुणाचं ऐकत नाही."

शालनबाईंनी निरोप पोचवला. गुंडूरावांनी पडद्यावरची धूळ बोटानं पुसली.

"न्हाय," ते म्हणाले.

"का? तुम्हीच म्हणालात ना, परत घ्या?"

"म्हनालो हुतो. आता बगितलं न्हवं. आवो, मी लग्नाला मंडप देतो, खुर्च्या देतो, पातेली देतो. अक्षता पडल्या की गिऱ्हाईक गेलं. त्यांचं फुडं काय हुतंय ते कुनी इचारत न्हाय. आता मी इचारनार. ही भाड्यानं लावतो. मंडप आमच्याकडनं घेतला की पयल्या वर्साच्या चार फेऱ्या फुकट."

"आन् आपन कशात बसायचं?" शालनबाईंनी विचारलं.

"टेम्पोत. टेम्पोला अक्कल न्हाय, तो सरळ जातो."

शालनबाईंना ते पटलं. "लग्नाला पन्नास वर्सं झाली तरी लोक येत ऱ्हातील," त्या म्हणाल्या.

"तुमचं दर रविवारचं धरू का, वैनी?" गुंडूराव मागे वळले. "पयलं गिऱ्हाईक म्हनून फोटू लावीन हापिसात."

"रविवारचं धरा," भारतीबाई म्हणाल्या. "फोटो नको."

सुहासरावांना थोडा विचार पडला होता. नात्यातली बिनसलेली जोडपी आता त्यांच्याकडे न येता तासगावला जाणार, आणि खरं सांगायचं तर त्यांचं भलंच होणार. तरीपण त्यांना हलकं वाटत होतं. पोटात भूकही लागली होती. महिन्यात पहिल्यांदाच.

विश्रामबागेचा चौक मागे पडला. गल्ली आली. टोकाला आरवाड्यांचं फाटक दिसू लागलं, आणि गाडीचा वेग उतरायला लागला. सुहासरावांनी फाटकाकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं. घर फार लवकर आलं, असं त्यांना वाटलं. पुन्हा हरिपूरला जायचं तर भांडायला खरं कारण हवं होतं. उगीच भांडल्यासारखं केलं तर रोहिणी फसणार नाही, नाडी खोटं बोलत नाही, एवढं त्यांना आता कळलं होतं.

भारतीबाईही फाटकाकडेच बघत होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि सहज म्हटलं, "तुम्ही दिलेला चष्मा माझा भाऊ घालत नाही."

"का?"

"नंबर चुकलाय म्हणतो."

सुहासराव सरळ होऊन बसले. "माझा नंबर चुकत नाही."

"तो म्हणतो, चुकतो. पायऱ्या दुप्पट दिसायच्या त्याला."

"मग त्यानं माझ्याकडे यायचं. मी परत तपासला असता."

"आला असता. पण त्यानं मिरजेत दुसरा करून घेतला."

"मिरजेत कुणाकडे?"

भारतीबाईंनी जिथं लागायचं तिथं नेमकं ठेवलं. "भोकऱ्यांकडे."

सुहासरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "त्या भोकऱ्याकडे? त्याला सरळ उभं असलेलं अक्षर ओळखता येत नाही. तुझ्या भावाला अख्ख्या जिल्ह्यात तोच सापडला? आणि तू हे मला आज सांगतेस?"

फाटक आलं आणि गेलं. रोहिणीनं गल्लीच्या टोकाला दिवा लुकलुकवला.

"आता काय झालं?" गुंडूरावांनी विचारलं. "घर हुतं की ते."

शालनबाईंनी निळ्या फ्रेममधून मागे बघितलं, नीट बघितलं, आणि नवऱ्याच्या कानाशी न ओरडता मान नुसती हलवली. काही नाही म्हणून.

भारतीबाईंनी खिडकीची काच खाली केली, चपला काढून पाय वर घेतले आणि टेकून बसल्या.

"बोला आता," त्या म्हणाल्या. "संगमापर्यंत तुमचं ऐकते. येताना माझं सांगेन."